जिल्ह्याचा कौशल्य आराखडा कसा तयार करावा

जिल्हा कौशल्य आराखडा हा कागद बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने तयार होतो. मागच्या वर्षीचा तक्ता काढायचा, प्रशिक्षणार्थींच्या आकड्यात थोडी वाढ करायची, यादीत एकदोन नवे अभ्यासक्रम घालायचे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची मंजुरी घ्यायची. हा दोष केवळ जिल्ह्यांचा नाही. २००९ च्या राष्ट्रीय कौशल्य विकास धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि तेव्हापासून वरून खाली येणारा प्रत्येक प्रश्न ‘किती जणांना प्रशिक्षण दिले?’ असाच राहिला. पुढील विवेचन ‘कोणते काम माणसाअभावी अडले आहे आणि का?’ या दुसऱ्याच प्रश्नापासून सुरू होते. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे सहायक आयुक्त, आयटीआयचे प्राचार्य, जिल्हा उद्योग केंद्रातील अधिकारी आणि उद्योजक संघटनांचे पदाधिकारी यांना ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. उदाहरणासाठी कोल्हापूर जिल्हा घेतला आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील फाउंड्री व मशिन शॉप, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचे चांदीकाम आणि साखर कारखाने असे एकमेकांहून अगदी वेगळे श्रमबाजार या एकाच जिल्ह्यात नांदतात, त्यामुळे आराखड्याच्या बहुतेक अडचणी येथे एकत्र सापडतात.

रिक्त जागा आधी, अभ्यासक्रम नंतर

सुरुवात कार्यालयात उपलब्ध असलेल्या नोंदींपासून करावी. सेवायोजन कार्यालयांना रिक्त पदे कळवणे १९५९ च्या कायद्याने सक्तीचे केले, आणि खासगी क्षेत्रातील २५ किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना दर तिमाहीला ईआर-१ हे विवरणपत्र भरावे लागू लागले. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हीच व्यवस्था ‘करिअर केंद्र’ या नावाने आपल्यात सामावून घेतली. या नोंदींची एक मर्यादा मात्र कायद्यातच आहे: जागा कळवण्याची सक्ती आहे, त्या कार्यालयामार्फतच भरण्याची नाही. साहजिकच अनेक कंपन्यांत हे काम हजेरी-पगार पाहणारा लिपिक शेवटच्या दिवशी उरकतो. म्हणून विवरणपत्रांचा उपयोग कारखान्यांची यादी आणि त्यांचा अंदाजे आकार कळण्यापुरता करावा, मागणीचा पुरावा म्हणून करू नये.

त्या यादीतून साधारण २५ ते ३० आस्थापना निवडाव्यात आणि त्यांत निम्म्या तरी लहान असाव्यात. केवळ मोठ्या कंपन्यांना भेटणे सोपे असते. त्यांचे मनुष्यबळ विभाग चहा देतात, सादरीकरण दाखवतात आणि सामंजस्य करारावर सहीही करतात, पण जिल्ह्यातील बहुतांश कामे दहा-पंधरा माणसांच्या शेडमध्ये असतात. उद्यम नोंदणीच्या यादीवरून किंवा औद्योगिक वसाहतीतील संघटनेच्या सभासद यादीवरून अशा शेड शोधता येतात. भेटीत मालकाशी बोलून झाल्यावर सुपरवायझरशी स्वतंत्रपणे बोलावे, आणि शक्य असेल तेथे माणसे पुरवणाऱ्या कंत्राटदाराशीही बोलावे, कारण कोणते काम कोण सोडून जातो आणि कशामुळे जातो याची खरी माहिती बहुधा त्याच्याकडेच असते.

‘तुम्हाला किती माणसे हवीत?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी गोल आकड्यात येते, आणि त्या उत्तराची जबाबदारी कोणावरही नसते. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टी विचाराव्यात: मागच्या सहा महिन्यांत घेतलेली शेवटची पाच माणसे कोठून आली, त्यांना पहिल्या महिन्यात हातात किती पगार मिळाला, आज त्यांपैकी किती कामावर आहेत, गेलेले कोठे गेले, माणूस नसल्यामुळे एखादे मशिन एखाद्या पाळीत बंद राहते का, आणि कोणत्या कामासाठी ओव्हरटाइम कायमचाच झाला आहे. अशा पाच-सहा उत्तरांतून जे कळते ते शंभर कारखान्यांना पाठवलेल्या छापील प्रश्नावलीतून कळत नाही. प्रश्नावली पाठवण्यावर माझा विश्वास तसाही कमी आहे.

मिळालेल्या प्रत्येक रिक्त जागेची त्यानंतर तीन प्रकारांत विभागणी करावी. या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि बहुतेक आराखड्यांत तोच नसतो.

पहिल्या प्रकारात ते काम येणारी माणसेच पुरेशी नसतात. सीएनसी किंवा व्हीएमसी या संगणक-नियंत्रित यंत्रांवर ठरलेला प्रोग्रॅम लावून जॉब चढवणारा ऑपरेटर मिळतो, पण ड्रॉइंग वाचून टूल ऑफसेट लावणारा, पहिला नग मोजून दुरुस्ती करणारा सेटर मिळत नाही. इंडक्शन फर्नेसच्या (धातू वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीच्या) देखभालीचा इलेक्ट्रिशियन किंवा ओतकामाचे नमुने घडवणारा पॅटर्नमेकर यांचीही हीच गत आहे. येथे प्रशिक्षण हेच उत्तर आहे.

दुसऱ्या प्रकारातले काम शिकायला कठीण नसते, पण त्या पगारात आणि त्या परिस्थितीत ते कोणी करू इच्छित नाही. फाउंड्रीतले फेटलिंग, म्हणजे ओतीव भागांवरील जादा धातू घासून काढण्याचे काम, हे त्याचे ठळक उदाहरण आहे. धूळ, आवाज, कंप आणि उष्णता सोसत करायच्या या कामाला स्थानिक तरुण मिळत नाहीत, म्हणून बाहेरच्या राज्यांतून माणसे आणली जातात. अशा जागांसाठी ‘फेटलर’चा अभ्यासक्रम सुरू केल्यास वर्ग भरेल, प्रमाणपत्रे वाटली जातील आणि जागा पुन्हा रिकाम्याच राहतील. येथे उपाय धूळ खेचणारी यंत्रणा, पाळ्यांची फेररचना किंवा पगार हाच आहे, आणि आराखड्यात तसे लिहून तो मुद्दा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि उद्योजक संघटना यांच्याकडे पाठवावा. कौशल्य विभागाने ही जबाबदारी आपल्या अंगावर घेऊ नये.

तिसऱ्या प्रकारात काम आहे, ते येणारा माणूसही आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. शाहूवाडी किंवा चंदगड या दूरच्या तालुक्यांतील मुलाला पहाटेच्या पाळीला वेळेवर पोहोचवणारी एसटी नसते. मुलींसाठी औद्योगिक वसाहतीजवळ वसतिगृह नसते. लहान कारखान्याची जाहिरात फक्त फाटकावर लावलेली असते. या जागांना वर्गखोली नव्हे, तर बसचे वेळापत्रक, खोल्या आणि बोलावणारा एक फोन हवा असतो.

ही विभागणी केल्यावर बऱ्याचदा असे दिसेल, की प्रशिक्षणाने सुटणाऱ्या जागा एकूण रिक्त जागांपेक्षा बऱ्याच कमी आहेत. त्याने दचकून जाऊ नये. कमी पण खरे उद्दिष्ट समितीपुढे ठेवणे अवघड असते हे मान्य आहे, पण त्यासोबत उरलेल्या दोन प्रकारांची यादीही ठेवली, तर आकडा का कमी आहे हे आपोआप स्पष्ट होते.

कामाचे नाव नेमके लिहावे

‘मेकॅनिकल’, ‘टेक्स्टाइल’, ‘आयटी’ अशी क्षेत्रांची नावे आराखड्यात पुरेशी नाहीत. प्रत्येक काम राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ मधील संकेतांकासह आणि राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातील स्तरासह लिहावे. हा पात्रता आराखडा २०१३ मध्ये दहा स्तरांचा होता आणि २०२३ मध्ये आठ स्तरांचा झाला. त्यामुळे जुन्या तक्त्यांतील स्तर जसेच्या तसे उतरवू नयेत. कामाच्या या अधिकृत नावाशेजारी कारखान्यात त्याला जे म्हणतात तेही लिहावे. इचलकरंजीत ‘वीव्हिंग तंत्रज्ञ’ म्हटल्यावर कोणी ओळखणार नाही, पण जॉबर, वहिफणीवाला, कांडीवाला म्हटले की कोणती माणसे कमी आहेत हे यंत्रमागधारक लगेच सांगतील.

पुरवठ्याची मोजणी

जिल्ह्यातील आयटीआयच्या मंजूर जागा हा पुरवठा नव्हे. महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत आणि खासगी संस्था त्याहून वेगळ्या, पण आराखड्यासाठी प्रत्येक व्यवसायाच्या बाबतीत चार आकडे लागतात: प्रत्यक्ष प्रवेश, पहिल्या वर्षअखेर टिकलेले, अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेले, आणि त्यांपैकी त्याच व्यवसायात काम करू इच्छिणारे. शेवटचा आकडा कोणीच मागत नाही. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांपैकी अनेकांचे डोळे महावितरण, रेल्वे किंवा अन्य सरकारी भरतीकडे लागलेले असतात आणि तोवर ते खासगी नोकरी तात्पुरती धरतात. त्यांचा निर्णय चुकीचा म्हणण्याचे काही कारण नाही, पण त्यांना कारखान्यांसाठी उपलब्ध मनुष्यबळ मानणे हा हिशेबाचा घोटाळा आहे.

यासोबत शिल्प निदेशकांची, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकांची, किती पदे भरलेली आहेत, किती तुकड्या तासिका तत्त्वावर चालतात आणि कोणती यंत्रे चालू स्थितीत आहेत, याची पाहणी कार्यशाळेत उभे राहून करावी. साठा नोंदवहीत असलेले लेथ आणि फिरणारे लेथ यांची संख्या नेहमी सारखी नसते. पॉलिटेक्निक, बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम, महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांपैकी जिल्ह्यात असलेली केंद्रे हीही या मोजणीत घ्यावीत.

मात्र सर्वांत मोठा पुरवठा कोणत्याच संस्थेच्या पटावर नसतो. २०२३-२४ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालात श्रमबल सर्वेक्षणाच्या आधारे दिल्याप्रमाणे, १५ ते २९ वयोगटातील केवळ ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय वा तांत्रिक प्रशिक्षण घेतलेले आहे, तर १६.६ टक्के अनौपचारिक मार्गाने शिकलेले आहेत. बापाच्या मागावर, काकाच्या गॅरेजमध्ये किंवा हुपरीच्या एखाद्या घरात चांदीच्या तारेवर हात बसलेली ही माणसे आहेत. त्यांच्यासाठी ‘पूर्वज्ञान मान्यता’, म्हणजे अनुभवातून आलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देणे, ही तरतूद आहे, पण तिचा उपयोग विचारपूर्वक करावा. पंधरा वर्षे साधा माग चालवणाऱ्याला दोन दिवसांचा वर्ग आणि एक प्रमाणपत्र दिल्याने त्याच्या मजुरीत पैचाही फरक पडत नाही. त्याच माणसाला रेपियर या धोट्याविना चालणाऱ्या आधुनिक मागावर नेणारे सहा आठवड्यांचे पूरक प्रशिक्षण मालकाच्याच शेडमध्ये मिळाले, तर पडतो. म्हणून मान्यतेची तुकडी तेव्हाच मंजूर करावी, जेव्हा त्यानंतर बदलणारे काम किंवा बदलणारा दर मालकाकडून लेखी मिळालेला असेल.

शिकाऊ उमेदवारी

हातात असलेल्या साधनांपैकी सर्वांत ताकदीचे आणि सर्वांत कमी वापरलेले साधन म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम. २०१४ ची दुरुस्ती आणि २०१९ चे सुधारित नियम यांनंतर त्याची चौकट अशी आहे: ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, आणि उमेदवारांचे प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते. या एकूण मनुष्यबळात कंत्राटी कामगारही मोजले जातात, आणि नेमके हेच अनेक कारखान्यांच्या हिशेबातून वगळले जाते. एखाद्या फाउंड्रीत ४० कायम आणि १६० कंत्राटी माणसे असतील, तर तिचा आकडा ४० नसून २०० आहे. म्हणजे किमान ५ आणि कमाल ३० उमेदवार. मोजणी केवळ कायम कामगारांवर केली, तर किमान एकावर भागते.

जिल्ह्याने करायचे काम असे. प्रथम ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांची यादी करून प्रत्येकीसमोर तिचा किमान आकडा आणि शिकाऊ उमेदवारी पोर्टलवरील चालू करारांचा आकडा लिहावा. या दोन आकड्यांतील तफावतीची बेरीज काढावी, आणि ती बेरीज आयटीआयच्या एका वर्षाच्या उत्तीर्णांशी ताडून पाहावी. नवे वर्ग काढण्याआधी ही बेरीज समितीपुढे यायलाच हवी, कारण ती भरून काढायला नवी इमारत लागत नाही.

नोटिसा पाठवून ही तफावत फारशी कमी होत नाही, असे माझे मत आहे. मध्यम आकाराच्या कारखानदाराला सक्तीपेक्षा कागदपत्रांची भीती अधिक असते. म्हणून त्याच्याकडे जाताना पूर्ण भरलेले उदाहरण घेऊन जावे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यानुसार विद्यावेतनाचा २५ टक्के, पण दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये इतका वाटा केंद्र सरकार उचलते आणि तो थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. करार करताना त्या दिवशी लागू असलेला दर पोर्टलवर पाहूनच लिहावा. पदवी-पदविकाधारकांसाठी वेगळी योजना आहे आणि तिचे पोर्टलही वेगळे आहे. ही दोन्ही एकमेकांत मिसळली गेल्याने प्रकरणे अडकतात. लहान शेडमालकांनी एकेकट्याने हे सगळे करण्यापेक्षा त्यांच्या संघटनेने किंवा मान्यताप्राप्त मध्यस्थ संस्थेने दहा-बारा शेडचे करार एकत्रितपणे हाताळणे सोयीचे पडते.

दुसरी बाजू उमेदवाराची आहे आणि ती दुर्लक्षित राहिली, तर सगळी व्यवस्था स्वस्त मजुरीत बदलते. वर्षभर एकाच मशिनवर एकच बटण दाबलेल्या मुलाला शिकाऊ उमेदवार म्हणणे ही फसवणूक आहे. करारासोबत कोणत्या महिन्यात कोणत्या विभागात काम करायचे याचा तक्ता जोडून घ्यावा, उमेदवाराकडे रोजनिशी असावी, आणि आयटीआयच्या निदेशकाने दोन महिन्यांतून एकदा कारखान्यात जाऊन ती तपासावी. त्या निदेशकाच्या प्रवासभत्त्याची तरतूद आराखड्यातच करावी. रक्कम लहान असते, पण तिच्याअभावी भेटी बंद पडतात.

शिकाऊ उमेदवारी आणि महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या दोन गोष्टी तरुणांना वेगवेगळ्या करून सांगाव्यात. त्या योजनेत विद्यावेतन शासन देते: बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती, नंतर ती अकरा महिने करण्यात आली. मुदत संपल्यावर कायम करण्याची मागणी पुढे आली, याचे मूळ पहिल्या दिवशी न सांगितलेल्या गोष्टींत आहे. रुजू होताना ही नोकरी नाही, मुदत अमुक तारखेला संपते आणि त्यानंतर कोणते मार्ग खुले आहेत, हे एका पानावर मराठीत लिहून उमेदवाराची सही घेतल्यास निदान गैरसमज तरी टळतात.

आयटीआयमध्ये बदल करायचे असल्यास

नवा व्यवसाय सुरू करण्याचा प्रस्ताव आला, की प्रथम निदेशक कोठून येणार हे विचारावे, यंत्र कोणते येणार हे नंतर. २००७-०८ पासून सरकारी-खासगी भागीदारी योजनेत देशातील १,३९६ आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज मिळाले आणि उद्योग प्रतिनिधींच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समित्या नेमल्या गेल्या. त्या समित्या आपल्या जिल्ह्यात अजून बैठका घेतात का, हे पाहणे हा चांगला आरंभ ठरेल. २०२५ मध्ये केंद्राने ६०,००० कोटी रुपयांची पीएम-सेतू योजना मंजूर केली. त्यात २०० मुख्य आणि ८०० संलग्न अशा १,००० सरकारी आयटीआयचे उन्नयन उद्योगांच्या भागीदारीत करायचे आहे. आपली संस्था त्यात असो वा नसो, द्वैत प्रशिक्षण पद्धती हा स्वस्त मार्ग उपलब्ध आहे. त्यात अभ्यासक्रमाचा काही काळ मुले कारखान्यातच शिकतात, त्यामुळे महागडे यंत्र संस्थेने विकत घेण्याची गरज उरत नाही. एका वर्षात एका संस्थेत एकच व्यवसाय बदलावा. तीन बदल एकदम केल्यास एकही नीट रुजत नाही.

जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून परदेशी नोकऱ्यांचीही चौकशी वाढली आहे. तो मार्ग आराखड्यात अवश्य असावा, पण भाषा शिकण्याचा कालावधी वेगळा धरून आणि जिल्ह्याच्या मुख्य उद्दिष्टात न मिसळता.

मोजमाप

प्रशिक्षण केंद्रांनी दिलेल्या नियुक्तीच्या टक्केवारीत छेद कोणता आहे हे आधी पाहावे. समजा १०० जणांनी प्रवेश घेतला, ८० प्रमाणित झाले, ४० जणांना नियुक्तीपत्र मिळाले आणि सहा महिन्यांनंतर १८ जण कामावर राहिले. केंद्र ‘५० टक्के नियुक्ती’ असे सांगेल, कारण ते ४० ला ८० ने भागते. जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र आकडा १८ टक्के आहे. आराखड्यात फक्त हा दुसरा आकडा द्यावा: छेदात प्रवेश घेतलेले सर्व, अंशात सहा महिन्यांनंतर प्रत्यक्ष कामावर असलेले. त्यासोबत प्रशिक्षणाआधीची आणि नंतरची कमाई असावी.

ही काटेकोर भूमिका का घ्यावी लागते, याला राष्ट्रीय पातळीवरचा पूर्वानुभव आहे. एकेका उद्योगक्षेत्रासाठी कौशल्याचे निकष ठरवणाऱ्या क्षेत्र कौशल्य परिषदांच्या कामाची तपासणी करणाऱ्या शारदा प्रसाद समितीने त्यांच्या संख्येवर, हितसंबंधांवर आणि प्रशिक्षणाच्या दर्जावर कडक टीका केली होती. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरील, डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात लाभार्थ्यांच्या बँक खात्यांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर रिकाम्या किंवा सदोष असल्याचे आढळले. मुळात नोंदच खरी नसेल, तर प्रशिक्षणानंतर त्या माणसाचे काय झाले हे शोधण्याचा मार्गच उरत नाही. त्या योजनेच्या चौथ्या टप्प्यात नियुक्तीचा पाठपुरावा पूर्वीसारखा सक्तीचा राहिलेला नाही, म्हणून ते काम जिल्ह्याने स्वतः करणे अधिकच आवश्यक झाले आहे.

पाठपुरावा अवघड नाही. प्रवेशाच्या वेळी उमेदवाराचा आणि घरातील आणखी एका व्यक्तीचा भ्रमणध्वनी क्रमांक घ्यावा आणि तेथेच लावून पाहावा. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात फोन करावा, आणि तो केंद्राच्या माणसाने न करता दुसऱ्या कोणीतरी करावा. महाविद्यालयांतील समाजकार्य किंवा अर्थशास्त्र विभागाचे विद्यार्थी हे काम मानधनावर चांगले करतात. संघटित नोकरीची खातरजमा उमेदवाराच्या संमतीने भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरून होते. स्वयंरोजगाराच्या बाबतीत मात्र केवळ उद्यम प्रमाणपत्र पुरावा मानू नये. ते काही मिनिटांत मिळते. शिवणयंत्र चालू आहे का, गिऱ्हाईक येते का, हे कोणीतरी जाऊन पाहावे लागते.

श्रमबल सर्वेक्षणाचे आकडे वापरताना राज्याची टक्केवारी जिल्ह्याच्या लोकसंख्येला लावून ‘जिल्ह्यातील बेरोजगार’ काढण्याचा मोह टाळावा. जानेवारी २०२५ पासून त्या सर्वेक्षणाची रचना बदलून नमुना निवडीत जिल्हा हा आधार घेतला गेला आहे आणि मासिक आकडेही येऊ लागले आहेत, पण ते आकडे राज्याचे वा देशाचे आहेत. जिल्ह्याची खरी कहाणी आपल्या ३० भेटींतून आणि फोनच्या नोंदवहीतूनच कळेल.

वेळापत्रक आणि अंतिम कागद

कारखान्यांच्या भेटी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकाव्यात, कारण जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात ठरतो आणि एकदा जिल्हा नियोजन समितीचे आकडे बांधले गेले, की त्यात निदेशकाचा प्रवासभत्तासुद्धा घुसवता येत नाही. साखर कारखान्यांचे गाळपही त्याच सुमारास सुरू होते. हंगामी कामगारांशी बोलायचे असेल, तर ते गाळप सुरू होण्याच्या आधी किंवा कारखाने बंद झाल्यावरच बोलावे. आयटीआयचे प्रवेश उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतात, म्हणून व्यवसायातील बदल मार्चपूर्वी निश्चित झालेले असावेत.

अंतिम कागद बारा-पंधरा पानांपेक्षा मोठा नसावा. पहिल्या पानावर रिक्त जागांची तीन प्रकारांतील विभागणी आणि शिकाऊ उमेदवारीतील तफावत द्यावी. त्यापुढे प्रत्येक निवडलेल्या कामाला एक पान द्यावे, आणि अशी कामे आठ-दहाहून अधिक नसावीत. व्हीएमसी सेटरच्या पानावर, उदाहरणार्थ, एवढ्या गोष्टी असाव्यात: ज्या कारखान्यांत ही जागा अडली आहे त्यांची नावे आणि प्रत्येकाचा लेखी आकडा, सुरुवातीचा हातात येणारा पगार, आजचे ऑपरेटर सेटर होण्यासाठी नेमके काय शिकायचे राहिले आहे, ते शिकवणारा माणूस कोण आणि तो आठवड्यातून किती तास देईल, कोणत्या शेडमधील कोणते मशिन कोणत्या पाळीत उपलब्ध होईल, खर्च किती आणि कोणाचा, आणि सहा महिन्यांनंतर फोन करणाऱ्याचे पदनाम. यांतील एखादा रकाना भरता आला नाही, तर तो कोराच ठेवून पान समितीपुढे न्यावे आणि तो कोणी, कोणत्या तारखेपर्यंत भरायचा याची इतिवृत्तात नोंद करून घ्यावी.